हसत-हसत अर्थशास्त्र

जरीपटका, नागपूर
१४ जुलै २०२५

सुमंत,

फोनवर मी तुला ब्लॉक केलंय आणि ते काढायची माझी इच्छा नाही, म्हणून हे पोस्टाने पाठवतेय. पाकिटावर तुझं नवं पद नीट लिहिलंय, शैक्षणिक संचालक, म्हणजे संस्थेच्या मनीषनगरच्या ऑफिसात कोणी ते बाजूला टाकणार नाही.

शनिवारी प्राचार्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवून तुझे व्हिडिओ दाखवले. 'हसत-हसत अर्थशास्त्र', भाग एक ते बारा, संस्थेच्या सातही कॉलेजांत यंदापासून सक्तीचे. नववा भाग सुरू झाला. मी उठून बाहेर आले आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिले. आत हसण्याचा आवाज येत होता.

हे आपण दोघांनी मिळून सुरू केलं, ते मी नाकारत नाही. चार वर्षांपूर्वी अकरावीचा तिसरा तास म्हणजे झोपेचा तास होता. मी व्याख्या फळ्यावर लिहायची, पोरांनी उतरवून घ्यायची, संपलं. तू एक दिवस स्टाफरूममध्ये म्हणालास की पोरं घरी ती पंपाच्या कंपनीतली मालिका पाहतात, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', तर तिच्यातूनच शिकवून बघू. त्यातला एक कारकून ऑफिसातले सगळे स्टेपलर कपाटात कोंडतो आणि मग एकेक मिनिट भाड्याने देतो. ते दाखवून आपण मक्तेदारी शिकवली. निरोपसमारंभात साहेब समोसे खातात, पहिल्याला डोळे मिटतात आणि सातव्याला रडकुंडीला येतात, त्यावर घटती सीमांत उपयोगिता. पोरं पेपरात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत लिहायला लागली. एम.ए.ला आपण एका बाकावर बसून जे पाठ केलं होतं, ते इतक्या वर्षांनी कोणालातरी समजतंय, याचं मला फार अप्रूप होतं.

नववा भाग प्रच्छन्न बेरोजगारीचा. मालिकेतला शिपाई बाबाराव आठ दिवस गावी जातो आणि तो गेलाय हे ऑफिसात कोणाच्या लक्षातही येत नाही. पुस्तक म्हणतं, ज्याला कामावरून काढलं तरी एकूण उत्पादन कमी होत नाही, त्याची सीमांत उत्पादकता शून्य. पुस्तकात हे शेतीबद्दल आहे, एका शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसं राबतात त्याबद्दल. आपण ते शिपायावर नेलं, कारण शिपायावर हसू येतं.

आणि तू ते एप्रिलमध्ये संस्थेच्या बैठकीत नेलंस. मी त्या बैठकीला नव्हते, पण सगळं माझ्या कानावर आलं. आधी बाबारावचं दृश्य लावलंस. सचिव हसले, सदस्य हसले. मग पडद्यावर आपल्या कॉलेजच्या ताराचंदचा फोटो आला. स्टुलावर बसलेला, मान खांद्यावर पडलेली, तोंड उघडं. खाली तुझी ओळ: सीमांत उत्पादकता शून्य. ताराचंद नेवारे एकोणीस वर्षं आपल्याकडे शिपाई आहे आणि त्याला कधी कायम केलं नाही. दहा जूनला त्याच्यासकट चौघांच्या हातात पत्र पडलं की उद्यापासून येऊ नका. आता एजन्सीची माणसं येतात. दर आठवड्याला चेहरा वेगळा असतो आणि प्रयोगशाळेची किल्ली कुठली हेही त्यांना माहीत नसतं.

ताराचंदची मुलगी पायल माझ्या वर्गात आहे. बारावी सुरू होऊन महिना होत आला, ती एकदाही आलेली नाही.

चौघांनी कामगार कार्यालयात अर्ज केलाय. संस्थेने उत्तर दिलं त्याला तुझं ते सादरीकरण पुरावा म्हणून जोडलंय. मला एवढंच म्हणायचंय, ते मागे घे. तो अकरावीच्या पोरांसाठी केलेला धडा होता, आणि तू त्याच्या जोरावर चार घरांची चूल विझवलीस. तुझ्या नव्या केबिनमध्ये एसी आहे म्हणतात. त्या केबिनचा विचार केला तरी मला शिसारी येते.

तू चांगला शिकवायचास. काहून असं केलं गा?

दामिनी


२ ऑगस्ट २०२५

सुमंत,

तुझं उत्तर मिळालं. संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी. 'फोटो कोणी काढला आणि आधी कोणाला दाखवला, हे कामगार कार्यालयात विचारलं तर मी काय सांगू? तूच ठरव.'

मी त्या कागदाचे तुकडे केले. पण स्टाफरूमच्या डब्यात ते टाकायचा धीर झाला नाही, कोणी जोडून वाचले तर. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कागदाचे तुकडे सांभाळत फिरणारी बाई! तुझ्यासाठी म्हणून जी किळस मी मनात धरून बसले होते, ती त्या दोन दिवसांत माझ्या अंगावर आली.

तर आता लिहूनच टाकते.

त्या बैठकीला मी होते. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. तुझ्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर माझंही नाव होतं आणि सचिवांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ताराचंदचा फोटो आला तेव्हा मी हसले. आवाज न करता, पण हसले. तू तो कशासाठी दाखवतोयस ते मला कळलं नाही, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळून घेतलं नाही.

फोटो मी काढला. दहा फेब्रुवारी, बोर्डाच्या परीक्षेच्या आदला दिवस. दुसरा शिपाई रजेवर होता. ताराचंदने तीन मजल्यांवरची बाकं एकट्याने ओढून खोल्याखोल्यांत लावली, प्रत्येकावर क्रमांक चिकटवले, वर्गातले तक्ते उतरवले, पाण्याचे माठ घासले. माझ्याकडे परीक्षेची जबाबदारी होती, म्हणजे मी यादी घेऊन त्याच्या मागे फिरत होते. जरा बसा म्हटलं, तर तो म्हणाला, हे झालं का बसतो. चार वाजता बसला आणि बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला. मी मोबाइल काढला. मला ते गमतीचं वाटलं, बस, याहून मोठं कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अकरावीला नववा धडा होता. बाबारावचं दृश्य संपलं, वर्ग हसत होता आणि मला वाटलं, आणखी एकदा हसवावं. मी तो फोटो पडद्यावर लावला आणि म्हटलं, "आणि हे आपल्या कॉलेजचे बाबाराव." वर्ग लोळायचा तेवढा बाकी राहिला. इतकं हसू माझ्या तासाला आजवर कधीच आलं नव्हतं.

त्या दिवशी पायल वर्गात होती की नाही हे मला आठवत नाही, असं मी इतके महिने म्हणत होते. काल हजेरीपत्रक काढून पाहिलं. ती होती. ताराचंद तिचा बाप आहे हेही मला ठाऊक होतं, तिच्या फी-सवलतीच्या अर्जावर वर्गशिक्षिका म्हणून माझीच सही आहे.

संध्याकाळी तासाची गंमत ऐकून तू फोटो मागितलास आणि मी पाठवला. सोबत हसण्याची तीन चिन्हं.

तू काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी घाबरेन असं तुला वाटलं, आणि ते खरं आहे, मी घाबरले. पण ताराचंदने काय काम केलं आणि काय नाही, हे त्या कार्यालयात कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि त्याच्या मागे यादी घेऊन फिरलेली मी एकटीच आहे.

दामिनी


३१ ऑगस्ट २०२५

सुमंत,

आज ताराचंदच्या घरी गेले होते. तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी तुला लिहितेय, कारण हे सगळं जिला सांगता येईल अशी दुसरी व्यक्ती मला नाही. त्या फोटोत तूही आहेस, मीही आहे.

जरीपटक्याच्या बाजारामागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. ताराचंद घरी नव्हता. कापडाच्या एका दुकानात गठ्ठे उतरवायला जातो, रविवारीही. त्याची बायको यमुताई दारात आली. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. मॅडम स्वतः घरी आल्या याचा तिला आनंद झाला होता. मी पेला न पिताच खाली ठेवला. ती सांगत होती, पोरगी कॉलेजले जाणार नाही म्हणते, कारण सांगत नाही, बाबाचं काम गेलं म्हणून लाजत असन, तुम्ही समजावा तिले. म्हणजे पायलने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. संस्थेकडे फोटो कसा गेला हेही त्यांना माहीत नव्हतं. वरून कोणीतरी येऊन काढला असेल, असं ताराचंद म्हणत असतो.

पायल आतल्या खोलीत साड्यांना फॉल लावत बसली होती. मला पाहून उठली, चप्पल घातली आणि आईला म्हणाली, मॅडमसोबत खाली जाऊन येतो. जिन्यात तिने मला थांबवलं. तिथे गटाराचा वास येत होता आणि वरच्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही लागला होता.

मी माफी मागितली. बरंच काही बोलले, शिक्षकांना बोलायची सवयच असते. मी चुकले, मला तसं म्हणायचं नव्हतं, तू कॉलेजला ये, मी वर्गासमोर तुझी माफी मागते. ती माझ्याकडे न बघता कठड्याचा रंग नखाने खरवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"मॅडम, मी बी हसली होती."

रंगाची एक खपली निघाली, ती तिने खाली टाकली.

"तो माहा बाबा आहे हे अर्ध्या वर्गाले माहीत नव्हतं. मी हसली नसती तर माहीत झालं असतं. म्हणून हसली. सगळ्यात जास्त मीच हसली."

मग तिने मला शपथ घातली की बाबांना हे सांगायचं नाही. वर्गात फोटो दाखवला हेही नाही आणि ती हसली हे तर नाहीच. मी तिला सांगितलं, तुझं हसणं मी कोणाला कळू देणार नाही. पण फोटो मी काढला हे मला कार्यालयात सांगावं लागेल, आणि तुझे बाबा तिथे असतील. तिने कठड्यावरून हात काढला. मग म्हणाली, सांगा, पण मग मी त्या कॉलेजात येणार नाही. आणि वर निघून गेली.

सोळा वर्षांच्या पोरीला मी तिच्या बापावर हसायला लावलं. तेही अर्थशास्त्र सोपं व्हावं म्हणून. तिचं हसणं तुला कळवतेय ते एवढ्यासाठी की नवव्या भागाखाली किती जणांनी हसून पसंती दिली याचे आकडे तू संस्थेच्या सभेत वाचून दाखवतोस. त्यात हेही मोजलं गेलं असतं. हे तुझ्यापलीकडे जाऊ देऊ नकोस. तेवढा माणूस तू अजून असशील असं धरून चालते.

दामिनी


२६ सप्टेंबर २०२५

सुमंत,

नऊ ऑक्टोबरला कामगार कार्यालयात तडजोडीची बैठक आहे. चौघांच्या वतीने साक्षीदार म्हणून मी माझं नाव दिलंय. आज प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, माझ्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी केली, आणि मग म्हणाले की शिक्षकाने संस्थेच्या विरोधात उभं राहणं बरं दिसत नाही, चौकशी लागली तर मी काही करू शकणार नाही. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला घाम फुटला.

संस्थेच्या बाजूने तू येणार आहेस असंही तेच म्हणाले. ये. मी तुझ्यासमोरच बोलेन.

दामिनी


१२ ऑक्टोबर २०२५

सुमंत,

तू समोर होतास, तेव्हा जे झालं ते तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला दिसलं नाही. आणि तू गेल्यानंतर फाटकाशी जे झालं, तेही नाही.

अधिकारी बाईंनी तो फोटो समोर ठेवला आणि विचारलं, हा कोणी काढला? मी उठणार तेवढ्यात तूच म्हणालास, "मीच काढला, मॅडम. कॉलेजच्या पाहणीला गेलो होतो तेव्हा." शांतपणे, कागदांवर हात ठेवून. माझ्याकडे पाहिलंसही नाही. बाई लिहून घ्यायला लागल्या.

त्या वेळी मला कशाची सगळ्यात जास्त किळस आली सांगू? तुझ्या खोटं बोलण्याची नाही. मला बरं वाटलं, त्याची. छातीवरचा दगड उतरावा तसं बरं वाटलं. पेन कागदावर चालत होतं, समोरच्या बाकावर ताराचंद हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि माझ्या डोक्यात आलं की आता कोणालाच काही कळणार नाही. पायललाही हेच हवंय, नोकरीही राहील. बाईंचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. एवढा वेळ मी बसले, हे तू लक्षात ठेव, कारण मला ते विसरता येणार नाही.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, हे खरं नाही, फोटो माझा आहे.

पुढचं तू ऐकलंस. तारीख सांगितली, परीक्षेच्या तयारीच्या वहीची प्रत दिली, त्यात प्रत्येक कामापुढे ताराचंदची सही आहे, सकाळी सातपासून. तो झोपला त्याआधी काय काय करून झोपला ते सांगितलं. वर्गात तो फोटो दाखवून पोरांना हसवलं, हेही सांगितलं. ताराचंदकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तुमच्या वकिलांनी मुदत मागितली, तेव्हा बाईंनी विचारलं की या फोटोखेरीज या माणसांना काम नव्हतं असं दाखवणारं तुमच्याकडे काय आहे, आणि तू खाली पाहिलंस. तासाभरात संस्थेने लिहून दिलं, चौघांची पत्रं मागे घेतली, सोमवारपासून कामावर.

बाहेर पायऱ्यांवर तू मला गाठलंस आणि म्हणालास, "तुझी नोकरी वाचवत होतो, दामिनी." मला माहीत आहे. तू ते मनापासून केलंस, हेही माहीत आहे. पण तुझ्या त्या उपकारात तो माणूस पुन्हा झोपलेलाच राहिला असता, सुमंत. तेवढंही तुला दिसलं नाही, म्हणून मी उत्तर न देता पुढे गेले.

काल मला संस्थेची नोटीस आली. कर्मचाऱ्याचा विनापरवानगी फोटो काढून वर्गात दाखवला, खुलासा करा. आरोप खरा आहे. मी तसंच लिहून देणार आहे, पुढे काय व्हायचं ते होईल.

आता फाटकाचं सांगते. बाकीचे तिघं पेढे घ्यायला गेले होते. ताराचंद सायकल धरून उभा होता. मी त्याच्यासमोर गेले आणि माफी मागितली. या वेळी लांबण लावली नाही. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला,

"तुमी सगळ्यांसमोर सांगितलं, ते बरं केलं, मॅडम. दुसरं कोणी सांगितलं नसतं."

मला वाटलं झालं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याचं संपलं नव्हतं.

"पोरगी फेब्रुवारीपासून माह्यासमोर बसून जेवत नाही. ताट घेऊन आत जाते. मी तिच्या मायले विचारत होतो, काहून वं असं करते. आज समजलं." मग माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "वर्गात होती ना ती?"

मी मान हलवली. त्यापुढचं त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पायलला दिलेला तेवढा शब्द तरी मी पाळला.

"तिले आता तुमी शिकवू नका," तो म्हणाला. "रामटेकले माही बहीण आहे, तिच्याकडे टाकून राहिलो. तिथून बारावी करन."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने सायकलला अडकवलेल्या पिशवीतून एक कागद काढला. कॉलेज बदलण्याचा अर्ज होता, पायलच्या अक्षरात, आधीच भरलेला; सकाळी निघताना तिनेच दिला, म्हणाला. कारणाच्या रकान्यात तिने 'घरगुती' लिहिलं होतं. खाली वर्गशिक्षिकेच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

मी तो माझ्या स्कूटीच्या सीटवर ठेवला आणि सही केली. ताराचंदने कागद हातात घेऊन माझं नाव वाचलं, शाई वाळेपर्यंत तो तसाच धरून ठेवला, मग घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि सायकल ढकलत रस्त्याच्या कडेने चालायला लागला.

दामिनी